बुरशीची सरबराई

मोर्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला बुरशी म्हटलं की आधी फवारणीचा पंप आठवतो. संत्र्याला डिंक्या लागू नये म्हणून बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट फासायची, तूर उभ्या उभ्या वाळायला लागली की मर आली म्हणून कपाळावर हात मारायचा, सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी औषध चोळायचं. आमच्या घरी एखाद्या महिन्यात किराण्यापेक्षा बुरशीनाशकाचं बिल मोठं असतं. अशा घरात पुण्याच्या पुतण्यानं होळीनंतर कुरिअरनं एक खोकं पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "काका, मशरूमचा किट आहे. धिंगरी. काही करायचं नाही, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं फक्त."

"काही करायचं नाही" हे वाक्य ज्यानं कधी काही पिकवलं नाही तोच इतक्या खात्रीनं बोलू शकतो.

खोक्यातून प्लास्टिकची पिशवी निघाली. आत दाबून भरलेलं कुटार, म्हणजे पिकाचा वाळका भुसा, आणि कुटारावर पांढरीशुभ्र बुरशी. बाबांनी चष्मा पुसला, पिशवी उजेडात फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "सडलं हे. वापस पाठव त्याले."

मी समजावून सांगितलं. गव्हाच्या नाहीतर ज्वारीच्या दाण्यांवर या बुरशीचं बियाणं तयार करतात, त्याला स्पॉन म्हणतात. कुटार भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळलं की त्यात स्पॉन मिसळायचा आणि दोन-तीन आठवडे अंधारात ठेवायचं. तेवढ्यात त्याचे पांढरे धागे सगळ्या कुटारात पसरतात. म्हणजे हा पांढरा रंग नासाडीचा नाही, पिकाचा आहे. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे कुटार बुरशीले चाराचं, अन् बुरशी आपण खायाची?"

"हो."

"अन् म्हशीनं काय खावं?"

याचं उत्तर किटसोबतच्या पत्रकात नव्हतं. पत्रकात होतं ते असं: तापमान २० ते ३० अंश, हवेत ओलावा ८० टक्के किंवा त्याहून जास्त, उजेड मंद, हवा खेळती. मार्च सरत आला होता. आमच्याकडे या दिवसांत धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. अळिंबीवर, म्हणजे मशरूमवर, संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था हिमाचलात सोलनला आहे, मोर्शीला नाही, ती का, हे पत्रक वाचताना मला नीट समजलं. तरी धिंगरी सोशिक म्हणायची. बटन मशरूमला धरताना १४ ते १८ अंश लागतात. इतका गारवा आमच्या गावात फक्त डेअरीतल्या दुधाच्या नशिबी असतो.

कोठीघर रिकामं केलं. तुरीची पोती ओसरीत आली, त्यामुळे पाहुणे अंगणात गेले. खिडकीला ओला बारदाना टांगला. तो तासाभरात पापडासारखा कडक झाला. मग जे व्हायचं तेच झालं. माळ्यावरून नुकताच उतरवलेला, नव्या ताट्या बसवलेला घरातला एकुलता एक कूलर कोठीघरात गेला. कूलरचं काम हवा गार आणि ओली करायचं, आणि धिंगरीला नेमकं तेच हवं होतं. आम्हालाही तेच हवं होतं, पण आमच्यासोबत पत्रक आलेलं नव्हतं. दुपारी सगळं घर कोठीघराच्या दारापाशी, उंबऱ्याखालून जेवढी हवा निसटेल तेवढ्यावर पडून राहायचं.

"बाळंतिणीची खोली झाली ही," आई म्हणाली. "अंधार, पडदा, अन् कोनी आत जाऊ नका."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. एक शेजारी खास पाहायला आले, पिशवीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन सांगितलं की सोयाबीनले भाव नाही म्हणून यायनं बुरशी लावली. दुसऱ्यानं विचारलं, "अनुदान हाये काय यावर?"

सर्वात थंड प्रतिसाद बायकोचा. तिचं माहेर वडशाकडचं, झाडीपट्टीतलं. तिकडं पावसाळा लागला की वारुळांच्या आसपास सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, निघतात आणि बायका टोपल्या भरून आणतात. "आमच्याकडं याले कोनी कूलर नाही लावत," एवढंच ती म्हणाली. खरं तर तिथंही कुणीतरी राबतंच. त्या जातीची बुरशी उधळी, म्हणजे वाळवी, वारुळाच्या आत पोसते. चावलेल्या लाकूडफाट्याचे वाफे करते, त्यावर बुरशी वाढवते आणि खाते. ही शेती ती माणसाच्या कितीतरी आधीपासून करते आहे, आणि माणसाला त्या सात्यांची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग उधळीले विचारा ना."

बाबांचा विरोध मात्र हळूहळू विरघळला. शेतकऱ्याच्या समोर काहीही उगवायला लागलं की तो त्याला आपलंच समजतो. पिशवीला पाडलेल्या चिरांतून टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसले, त्या दिवसापासून बाबा पहाटे उठून आधी कोठीघरात जायला लागले. एका रात्री लाईन गेली. मी उठून पाहतो तर बाबा काळोखात पिशवीला पेपरानं वारा घालताहेत. मला पाहून म्हणाले, "मच्छर हाकलून रायलो."

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी आला. किटसोबतची शिंपडायची बाटली बाबांना पहिल्यापासून पोरखेळ वाटत होती. मी शेतातून परत आलो तर ते पाठीवर फवारणीचा पंप अडकवून कोठीघराच्या दारात उभे. त्या पंपातून हंगामभर कोणकोणती बुरशीनाशकं गेली होती याची यादी मी डोक्यात करत धावलो.

"बाबा! थांबा!"

"साधं पाणी हाये. धुतला म्या पंप."

"किती वेळा?"

बाबांनी पंप उतरवला. घरातल्या कुठल्याच पंपाच्या पाण्यानं जगेल असं ते पीक नव्हतं.

पुढं वेगळंच सुरू झालं. दाण्यांचे कोंब झाले, पण दांडे लांबच लांब आणि डोक्यावर टिकलीएवढ्या टोप्या. पुतण्या म्हणाला, हवा कोंडली आहे. बुरशी आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो साचला की दांडा मोकळी हवा शोधत लांबतो आणि टोपी खुरटते. म्हणजे आता दार उघडं हवं. दार उघडलं की ४० अंशांची झळ आत. मग दिवसभर बंद ठेवून मध्येमध्ये थोडं उघडायचं असं ठरलं आणि ते काम आईकडे गेलं. आई पोथी वाचता वाचता दार उघडायची, अध्याय संपला की लावायची. लहान अध्यायाच्या दिवशी टोप्या खुरट्या राहायच्या.

मग पिशवीच्या एका कोपऱ्यात हिरवा डाग दिसला. मी घाबरून पुतण्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, ट्रायकोडर्मा! मला हसावं की रडावं कळेना. हरभऱ्याला आणि तुरीला मर लागू नये म्हणून आम्ही हीच बुरशी कृषी केंद्रातून पाकिटानं विकत आणतो, बियाण्याला चोळतो, शेणखतात मिसळून शेतात टाकतो. ती दुसऱ्या बुरश्यांवर जगते, म्हणून तर आणतो. शेतात पैसे टाकून ती नीट लागत नाही, आणि इथं न बोलावता मुक्कामाला आली होती. बाबांनी डाग चमच्यानं खरवडून काढला. तो त्यांनी फेकला नाही, बांधावरच्या तुरीच्या ओळीसाठी कागदात बांधून ठेवला.

वाचल्या तेवढ्या टोप्या शेवटी हाताएवढ्या पसरल्या. कडा वर वळायच्या आत तोडायच्या असतात, नाहीतर पांढरी भुकटी उडते आणि घरभर खोकला लागतो. मी गुच्छ पिळून काढला. घमेलं भरलं. पूर्ण घर पाहायला जमलं, आणि नेमक्या त्या वेळी बारावीतल्या लेकीनं अभ्यास दाखवला.

"आबा, ही वनस्पती नाही बरं. आणि प्राणी पण नाही. हिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. खेकड्याच्या कवचात असतं ते."

बाबा माळकरी. मधलं सगळं त्यांच्या कानावरून गेलं, खेकडा तेवढा आत शिरला. हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला. "मी पिठलं खाईन," ते म्हणाले.

बायकोनं सावजी मसाला वाटला, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरला. धिंगरीत नव्वद टक्के पाणीच असतं, ते सगळं कढईत सुटलं. घमेलंभर पीक वाटीभर झालं. नळ एक दिवसाआड येत असताना आम्ही त्या पिशवीवर जेवढं पाणी शिंपडलं होतं, ते रस्सा म्हणून परत मिळालं. बाबांनी पिठलं-भाकर अर्धी संपवली, वासाकडे दोनदा पाहिलं आणि ताट पुढं केलं. "फोडी नको. रस्सा वाढ जरासा."

त्याच पिशवीतून आणखी एक तोडा निघाला, पहिल्यापेक्षा थोडका. मे उजाडल्यावर कूलर असूनही जमेना, म्हणून पिशवी फाडून कुटार उकिरड्यावर टाकलं. कूलर घरात परत आला, पाहुणे ओसरीत आले.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला त्याच्या दोन-चार दिवसांनी मी आणि बाबा ओसरीत सोयाबीनच्या बियाण्याला थायरम-कार्बोक्झिन हे बुरशीनाशक चोळत बसलो होतो. हात कोपरापर्यंत लालगुलाबी. तेवढ्यात लेक ओरडत आली. उकिरड्यावर, त्याच कुटारावर, धिंगरीचा एवढा मोठा झुपका फुटला होता, ना कूलर, ना बारदाना, ना पोथी. बाबा माझ्याआधी उठले आणि गुडघ्यांची तक्रार विसरून धावले. मी मागोमाग. पोचून हात पुढं करतो तर बायको मध्ये आली.

"त्या हातानं शिवू नका त्याले! मरन ना ते!"