झांबियाचा ऑर्किडचा कंद म्हणजे बटाटा नाही, आणि शुगरचं औषध तर अजिबातच नाही

"आफ्रिकेतला चमत्कारी कंद" असा एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय, तो माझ्या मामीपर्यंत पोचला आणि ती शुगरच्या गोळ्या बंद करून पावडर मागवायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं, की झांबियातल्या पाणथळ गवताळ रानात एक ऑर्किड उगवतं, त्याचा कंद खातात म्हणून तिथल्या लोकांना डायबेटिस होत नाही, कंद काढला तरी बटाट्यासारखा पुन्हा येतो त्यामुळे कधी संपत नाही, आणि घरी कुंडीतसुद्धा लावता येतो.

शुगरचं आधी. झांबियात डायबेटिस आहे, तिथेही लोक गोळ्या घेतात, इन्सुलिन घेतात. ऑर्किडच्या कंदात चिकट तंतू असतो, ग्लुकोमॅनन म्हणतात, आणि अशा तंतूने जेवणानंतरची साखर जरा हळू चढते, एवढं मान्य. पण त्यावरून गोळ्या बंद? डॉक्टरला न विचारता शुगरची गोळी थांबवायला सांगणारा मेसेज पुढे पाठवणं हे सरळ कुणाच्या तरी जिवाशी खेळणं आहे.

लोक हा कंद खातात हे मात्र खरंय. उत्तर झांबियातल्या बेंबा लोकांचा तो जुना पदार्थ आहे, चिकांडा. कंद वाळवून कुटतात, शेंगदाण्याचं कूट, मिरची, मीठ, सोडा घालून उकळत्या पाण्यात घोटतात, मिश्रण घट्ट होत जातं, मग झाकणावर निखारे ठेवून वरूनही भाजतात आणि गार झालं की वड्या पाडतात. लुसाकाच्या बाजारात बायका असे तुकडे विकतात. चवीने खायचा पदार्थ आहे तो, औषध म्हणून कुणी चमचा मोजून घेत नाही.

आता ते "बटाट्यासारखा पुन्हा येतो". सगळ्यात जास्त डोकं याच वाक्याने फिरलं, कारण पुढचं सगळं नुकसान यातूनच होतं. चिकांड्याला लागणारी ऑर्किडं डिसा, सॅटिरियम आणि हबेनारिया या गटांतली (कासला आपण टूथब्रश ऑर्किड म्हणून ज्याचे फोटो काढतो तेही हबेनारियाच). पावसाळ्यात पाण्याने भरणाऱ्या माळांना तिथे डांबो म्हणतात, तिथे ती पावसाबरोबर वर येतात, फुलतात आणि कोरड्या दिवसांत जमिनीवरचं सगळं वाळून जातं. सॅटिरियमचं झाड अलगद उपटून बघितलं तर खाली सहसा दोन कंद दिसतात. एक सुरकुतलेला, मऊ, ज्याने यंदाचं झाड पोसलं तो, आणि शेजारी नवा, टणक, भरलेला, ज्यातून पुढच्या वर्षीचं झाड यायचं असतं. खणणाऱ्याला हवा असतो तो टणक. तो गेला की मागे उरतो तो रिकामा झालेला जुना कंद, मग पुढच्या पावसात तिथे उगवणार काय? बटाटा आपण दरवर्षी बेणं ठेवून लावतो. हे कुणी लावलेलंच नसतं, जो कंद बाजारात येतो तो रानातून कायमचा गेलेला असतो.

घरापुरतं खणत होते तोवर रान टिकलं असेल, पण शहरांतून मागणी आली, झांबियातले माळ पुरेनात, आणि व्यापारी शेजारच्या देशांत शिरले. २००३ साली ऑरिक्स या संशोधन पत्रिकेत डेव्हनपोर्ट आणि नडांगलासी यांचा पेपर आला, त्यात एकट्या दक्षिण टांझानियातून वर्षाला २२ ते ४१ लाख कंद झांबियात जात असल्याचा अंदाज दिलाय. लाख! आणि कितुलोच्या पठारासारख्या जागांवरून, ज्याला तिथले लोक बुस्तानी या मुंगू म्हणजे देवाची बाग म्हणतात. २००५ मध्ये कितुलोला नॅशनल पार्क करावं लागलं, त्यामागे ही खणाखणी हे एक मोठं कारण होतं. "कधी संपत नाही" लिहिणाऱ्याने एवढं तरी वाचायचं होतं.

कुंडीचं थोडक्यात. या ऑर्किडांचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात स्वतःचा अन्नसाठा नसतो, मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. ती बुरशी नर्सरीच्या कोकोपीटमध्ये मिळत नाही. मागवलेला कंद एखादा हंगाम पान काढेलही, त्याला लागवड म्हणत नाहीत.

राहिला धंदा. अख्खं ऑर्किड कुळ सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, रानातले कंद देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, पावडर केली म्हणून सुटका होत नाही. तुमच्याही घरी कुणी ऑर्डर करत असेल तर आधी विकणाऱ्याला विचारा की कंद कुठल्या ऑर्किडचा, कुठल्या देशातून आणलाय, आणि परवान्याचा फोटो मागा. नाही दिला तर पैसे पाठवू नका, आणि गोळ्या चालू ठेवा.