हिरडीची जखम आणि टीजीएफ-बीटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. टीजीएफ-बीटाशिवाय (जखम भरताना पेशींना संदेश देणारं प्रथिन) हिरडीची जखम भरत नाही असं मी लेखात म्हटलं आणि पुढच्याच परिच्छेदात, तो कमी असतो म्हणून हिरडीवर वण राहत नाही असंही म्हटलं. मग खरं काय? दुसरा आक्षेप असा की पेशींमधले संकेतमार्ग एवढे माहीत आहेत तर ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे अशा संदेश देणाऱ्या प्रथिनांचं, जेल हिरडीला लावून काम का भागत नाही?

पहिल्या बाबतीत चूक माझ्या मांडणीची आहे. टीजीएफ-बीटाचे माणसात तीन प्रकार आहेत आणि मी ते एकाच नावाखाली दडपले. उंदरांच्या तोंडातल्या आणि त्वचेवरच्या जखमा शेजारी ठेवून पाहिल्या तर तोंडात बीटा-1 कमी असतो आणि बीटा-1 च्या तुलनेत बीटा-3 चं प्रमाण जास्त असतं. शिवाय तोंडातली सूज लवकर ओसरते. संदेशाची वाट मात्र तीच : टीजीएफ-बीटा पेशीवरच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाला (संदेश पकडणारा रेणू, रिसेप्टर) चिकटतो, हा ग्राहक पहिल्या प्रकारच्या ग्राहकाला जागा करतो, मग पेशीतल्या स्मॅड-2 आणि स्मॅड-3 या निरोप्या प्रथिनांवर फॉस्फेट चढतं, स्मॅड-4 ला सोबत घेऊन ते केंद्रकात जातात आणि कोलॅजन या तंतूंच्या प्रथिनाची जनुकं सुरू होतात. स्मॅड-7 हा यातला ब्रेक. हा संदेश थोडा वेळ चालला तर भराव होतो, थांबलाच नाही तर तंतू साचत जातात.

हिरडीतही ते साचतात, हे विसरू नका. अपस्मारासाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी निफेडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. फेनिटॉइनमुळे वाढलेल्या हिरडीत सीसीएन-2 हा टीजीएफ-बीटाच्या हुकमतीतला रेणू भरपूर सापडतो. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरचा वण तर मुलांच्या वरच्या जबड्याची वाढ रोखू शकतो. तेव्हा ‘तोंडात वण राहत नाही’ हे माझं वाक्य सरसकट खरं नव्हतं. तुम्ही ते पकडलंत, बरं झालं.

आता जेल. इथे मला तुमचं म्हणणं मान्य नाही, कारण हिरडीच्या शस्त्रक्रियेत लवकर भरणं आणि नीट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाळेतला ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर एपिथेलियमच्या (हिरडीच्या वरच्या अस्तराच्या) पेशींमध्ये ईआरके हा संकेतमार्ग चालू करतो आणि त्या जखमेच्या कडेवरून साधारण रोज अर्धा मिलिमीटर सरकतात. पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यात पडलेल्या खोल फटीची, शस्त्रक्रिया केली की याच पेशी मुळाच्या पृष्ठभागावर सर्वांत आधी पोचतात. जखम बंद होते, पण दाताला तंतूंची पकड मिळत नाही, नुसतं लांबट अस्तर चिकटतं. मुळावर कोणत्या पेशी आधी पोचतात यावर पुढचं सगळं ठरतं, ही मेल्चर यांची 1976 मधली मांडणी. शस्त्रक्रियेत हिरडीखाली पडदा घालतात तो एवढ्याचसाठी : एपिथेलियम बाहेर अडवायचं आणि दाताला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधातल्या संथ पेशींना सवड द्यायची. पडदा उघडा पडला की जंतू शिरतात. फ्लॅप (शस्त्रक्रियेत उचललेला हिरडीचा पदर) हलता राहिला तर पहिल्या काही दिवसांतच रक्ताची गुठळी मुळापासून सुटते, म्हणून टाके घट्ट बसणं हे कोणत्याही रेणूइतकंच महत्त्वाचं आहे.

ग्रोथ फॅक्टर वापरात नाहीत असंही नाही. पीडीजीएफ-बीबी हा ग्रोथ फॅक्टर मिलिलिटरला 0.3 मिलिग्रॅम या प्रमाणात, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या खनिजाच्या कणांवर भिजवून, हाडातल्या खड्ड्यासाठी वापरायला अमेरिकेत 2005 मध्ये मान्यता मिळाली. कणांचा आधार का, तर नुसतं द्रावण लाळेत वाहून जातं आणि सुजेतली प्रथिनभंजक विकरं ते तोडून टाकतात. पीआरएफमध्ये, म्हणजे रुग्णाच्याच रक्तापासून केलेल्या गुठळीत, हा आधार फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जाळीचा असतो. 10 मिलिलिटर रक्त, गोठणरोधक न घालता, सेंट्रीफ्यूज यंत्रात मिनिटाला 2700 फेऱ्यांवर 12 मिनिटं फिरवायचं. रक्त काढल्यावर नळी दोनेक मिनिटांत यंत्रात गेली नाही तर गोठणं आधीच सुरू होतं आणि हाती येतो तो विस्कळीत लगदा.

आणि पेशीच बिघडलेली असेल तर? रक्तातली साखर आटोक्यात असताना फॉक्सओ-1 हा रेणू एपिथेलियमच्या पेशीत टीजीएफ-बीटा-1 वाढवून तिला सरकायला मदत करतो. साखर वाढलेली असली की तोच फॉक्सओ-1 सीसीएल-20 आणि सर्पिन-बी-2 ही दुसरी प्रथिनं वाढवतो आणि पेशी अडखळते. अशा रुग्णाला बाहेरून संदेश वाढवून देण्याआधी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) बघायला हवं. मशेरीचंही तेच. तिच्यातल्या निकोटिनमुळे फायब्रोब्लास्टची (तंतू तयार करणाऱ्या पेशींची) मुळावरची पकड आणि कोलॅजन तयार करणं दोन्ही मंदावतं. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी मशेरी सुटली आहे का, हे विचारायलाच हवं.

मूळ लेखात टीजीएफ-बीटाचा परिच्छेद तीन प्रकार वेगळे करून पुन्हा लिहिला आहे आणि वणाविषयीचं ते वाक्य काढून टाकलं आहे.