‘मध्य-डावे सगळीकडे सारखेच’? निदान नाशिककरांनी तरी असं म्हणू नये

आमच्या कॉलेज रोडच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात तीन दावे आहेत : जगातले मध्य-डावे, म्हणजे टोकाला न जाणारे मवाळ डावे, पक्ष एकाच छापाचे, त्यांच्यातले गट म्हणजे निव्वळ खुर्चीची भांडणं, आणि काँग्रेस म्हणजे ब्रिटनच्या लेबर पक्षाची भारतातली आवृत्ती. चार जणांनी अंगठे दिले, म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा. जर्मनीचा एसपीडी, म्हणजे तिथला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, मार्क्सवादाच्या मुशीतला. १९५९ साली बाड गोडेसबर्गला त्याने बाजारव्यवस्था मान्य केली. ब्रिटनचा लेबर कामगार संघटनांच्या पोटचा. उद्योगांच्या सामाईक मालकीचं, पक्षाच्या घटनेतलं १९१८चं कलम बदलायला त्याला १९९५ उजाडलं. डेन्मार्कचे सोशल डेमोक्रॅट स्थलांतराच्या बाबतीत भल्याभल्या उजव्यांइतके कडक. आणि न्यूझीलंडमध्ये शेतीची अनुदानं काढली ती १९८४ साली आलेल्या लेबर सरकारनेच. (हे पिंपळगावच्या बाजार समितीत सांगून बघा, कोण त्यांना डावं म्हणतो ते!)

दुसऱ्या दाव्यात तथ्य आहे, पण निम्मंच. ऑस्ट्रेलियाच्या लेबर पक्षात डावा आणि उजवा असे उघड गट आहेत, मंत्रिपदं त्यांच्या हिशेबाने वाटली जातात. २०२५ साली मोठा विजय मिळवूनही एड ह्युसिक आणि मार्क ड्रेफस यांची मंत्रिपदं याच वाटपात गेली. ही खुर्चीचीच भांडणं, मान्य. पण ऑस्कर लाफोंतेनचं काय करायचं? मार्च १९९९मध्ये या गृहस्थाने जर्मनीचं अर्थमंत्रिपद आणि एसपीडीचं अध्यक्षपद एकदमच सोडलं. त्याच्याच पक्षाचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) श्रोडर यांच्याशी त्याचं वैयक्तिक पटत नव्हतंच, पण वादाचं मूळ आर्थिक धोरणात होतं. पुढे श्रोडरनी बेकारभत्त्याला कात्री लावली, तेव्हा २००५ साली त्याने पक्षही सोडला. खुर्चीचा भुकेला माणूस हातातल्या दोन खुर्च्या एका दिवसात टाकून घरी जात नाही.

तिसरा दावा मात्र नाशिकमध्ये बसून करणं म्हणजे कमालच. लेबर हा कामगारांनी उभा केलेला पक्ष, काँग्रेस ही स्वातंत्र्याची चळवळ. तिच्यात जमीनदारही होते आणि समाजवादीही. त्या समाजवाद्यांची जमवाजमव झाली आपल्या नाशिकरोडच्या तुरुंगात : जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी. त्यातून १९३४ साली काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. मार्च १९४८मध्ये त्यांनी काँग्रेसला रामराम ठोकायचं ठरवलं तेही नाशिकच्याच अधिवेशनात. सप्टेंबर १९५०मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, पुन्हा इथेच. टंडन पक्षातल्या उजव्या गोटाचे, त्यांची निवड नेहरूंना रुचली नव्हती. वर्षभरात टंडन पायउतार झाले आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. लेबरशी जुळणारं काही शोधायचंच असेल, तर ते बाहेर पडलेल्या या समाजवाद्यांत शोधावं. तेही जपूनच, कारण तुरुंगातल्या त्या मंडळींपैकी मसानी पुढे थेट उजवीकडे, ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षात गेले, जयप्रकाश पक्षीय राजकारण सोडून सर्वोदयात रमले आणि अशोक मेहता १९६०च्या दशकात काँग्रेसमध्ये परतून केंद्रात मंत्री झाले.