निम्म्या खर्चाचा हिशेब

घरखर्च पती-पत्नींनी निम्मा-निम्मा उचलला की समानता आली, हे एका लेखात वाचलेले प्रतिपादन मला अपुरे वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ मधील अहवालानुसार जगातील विनावेतन घरकाम व शुश्रूषेच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात. खर्चाच्या वहीत मात्र या तासांसाठी रकानाच नसतो. मूल रात्री तापाने फणफणले की दुसऱ्या दिवशी रजा कोणी घ्यायची, हा प्रश्न आमच्या घरी कित्येक वर्षे विचारलाच गेला नाही, कारण उत्तर गृहीत होते (आणि ते गृहीत धरणारा मीच होतो). अशाच रजांमुळे पत्नीची बढती लांबली, पगार माझ्यापेक्षा बराच मागे राहिला, आणि तरीही निम्म्या खर्चाचा पै न् पैचा हिशेब आम्ही अगदी चोख ठेवत होतो.