देऱ्याच्या बाजाराला फोटो नकोत, गिऱ्हाईक हवंय

हिवाळा लागला की दुबईत आमच्यासारख्यांच्या घरी पाहुण्यांची रांग लागते आणि प्रत्येकाच्या यादीत तेच असतं, एक दिवस दुबई मॉल, एक संध्याकाळ गोल्ड सूक, म्हणजे दुबईच्या जुन्या देरा भागातला सोन्याचा बाजार (सूक म्हणजे बाजार), जमलंच तर ग्लोबल व्हिलेजची जत्रा. पाहुण्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, चार दिवसांसाठी येतात बिचारे, दिसेल ते बघतात. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल, इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी लोकांबद्दल. हल्ली कुठेही जमलो की कुणीतरी म्हणतंच, देऱ्यात आता काय राहिलंय, सगळा टुरिस्ट लोकांचा बाजार झालाय, नुसते मागे लागतात, वाट्टेल ते भाव सांगतात. आणि हेच आपण महिन्याचं सगळं सामान मॉलमधल्या हायपरमार्केटमधून ट्रॉली भरून आणतो, नाहीतर मोबाइलवरून मागवतो. मग तिथे टुरिस्टच उरणार ना? रोजचं गिऱ्हाईक यायचं थांबलं की दुकानदार रोजचा माल ठेवायचं थांबवतो. त्याला पण भाडं भरायचंय.

मॉलला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही हे आधीच सांगते. ज्यांना वाटतं की मॉल म्हणजे नुसता दिखावा, त्यांनी जुलै महिन्यात लहान मूल कडेवर घेऊन दुपारी देऱ्यातल्या नाइफच्या रस्त्यावरून चालून दाखवावं. इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी असते, यावरून समजा काय ऊन असेल. अशा गावात सार्वजनिक जागा म्हणजे मॉलच. माझ्या सासूबाई आल्या की त्यांचा फेरफटका मॉलमध्येच होतो, सपाट फरशी, बसायला बाक, स्वच्छ टॉयलेट, कुणी हटकत नाही, एक दिरहॅमचीही खरेदी केली नाही तरी कुणी विचारत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर सरकारनेच ‘दुबई मॅलाथॉन’ म्हणून उपक्रम काढला, सकाळी सकाळी मॉल चालणाऱ्यांसाठी उघडे! मला तो फार आवडला. एकट्या बाईला रात्री दहा वाजता मुलांना घेऊन निवांत बसता येतं अशी जागा आपल्या किती शहरांत आहे सांगा. आणि मॉल हे काही इथलं कालपरवाचं खूळ नाही, देऱ्यातच अल घुरैर सेंटर 1981 पासून उभं आहे, सूकपासून फार लांबही नाही. दुबई मॉल नंतरचा, 2008 चा. म्हणजे सूक आणि मॉल चाळीसहून जास्त वर्षं शेजारी शेजारी नांदतायत.

तर फिरायला, बसायला, एसी खायला मॉल उत्तमच. माझा मुद्दा सामानाचा आहे.

स्पाइस सूकचंच घ्या. अल रास मेट्रोला उतरून क्रीकच्या, म्हणजे खाडीच्या, दिशेने गेलं की पहिल्या गल्लीत काय दिसतं, पोत्यांवर रचलेले रंगीबेरंगी डोंगर, निळी पावडर, गुलाबाच्या वाळक्या कळ्या, आणि ‘केसर केसर, मॅडम केसर’. यातलं बरंचसं फोटोसाठी मांडलेलं असतं, कुठल्याच घरात ती निळी पावडर लागत नाही. उघड्या टोपलीतलं स्वस्त ‘केशर’ तर बऱ्याचदा करडईची फुलं असतात. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात शेतं भरून करडई बघितलेल्या माणसाने तरी त्याला फसू नये. दोन काड्या कोमट पाण्यात टाकायला सांगा. खरं केशर घाई करत नाही, हळूहळू पिवळं सोनेरी पाणी होतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी पांढरी पडली की समजायचं. चांगला दुकानदार तुम्ही हे करायला सांगितलंत की रागवत नाही, उलट खुर्ची देतो. माझा जो नेहमीचा इराणी म्हातारबाबा आहे तो केशर काउंटरखाली डब्यात ठेवतो, पोत्यावर नाही, आणि ग्रॅमच्या काट्यावर तोलून देतो. त्याच्याकडे मी पिस्ते, काळे वाळके लिंबू, जिरं, धूपासाठी लोबान असं सगळं घेते. वाळकं लिंबू डाळीत टाकून बघा कधीतरी, फोडून बिया काढायच्या नाहीतर कडू होतं, हे पण त्यानेच सांगितलं. पॅकेटवर हे कुठे लिहिलेलं असतं!

पण तोच सांगतो की पूर्वी घरची बायामाणसं यादी घेऊन यायची, आता लोक ‘वास घेऊ का, फोटो काढू का’ विचारतात आणि पुढे जातात. शेजारच्याने धने-जिरं ठेवायचं बंद केलं आणि फ्रिज मॅग्नेट लावले. त्याला दोष कसा द्यायचा? मागच्या बाजूला अल रासमध्ये डाळी, मसाले, सुकामेव्याचे होलसेलवाले अजून आहेत, तिथे हातगाड्यांवर पोती जातायेताना दिसतात, आणि वार्फवर, म्हणजे धक्क्यावर, इराणला जाणारी लाकडी गलबतं लागलेली असतात, फ्रिज-टायरपासून सगळं त्यात चढत असतं. तो बाजार खराखुरा आहे. फक्त तो पहिल्या गल्लीत दिसत नाही, दोन वळणं आत जावं लागतं.

क्रीकच्या पलीकडे बर दुबईतही हेच. जुना कापडबाजार, लाकडी छपराखालचा, सिंधी-गुजराती पेढ्यांनी उभा केलेला. आज तिथून चालताना प्रत्येक दुकानदार शाल तुमच्या खांद्यावर टाकायला बघतो, चपला, उंट, मॅग्नेट, तेच तेच. आणि तिथून दहा मिनिटं चाला, मीना बाजार. तिथे काय गर्दी असते! कारण उघड आहे, तिथे आपल्या बायका खरंच ब्लाउज शिवून घ्यायला जातात, साडीला फॉल-पिको करायला, अस्तराचं कापड मॅच करायला, गणपतीच्या आधी मखराचं सामान आणायला. टेलरमास्तरला गेल्या वेळचं माप आठवतं, ‘बाह्या लांब करायच्या ना या वेळी’ असं तोच विचारतो. तिथे कुणी हात धरून ओढत नाही, वेळच नाही त्यांना. मंदिराच्या गल्लीतपण तसंच, शिवमंदिर 2024 मध्ये जेबेल अलीला हललं तरी फुलं, कापूर, वाती घ्यायला आपण जातो म्हणून ती गल्ली टिकून आहे. एकाच क्रीकच्या काठावर दोन बाजार, एकाला गिऱ्हाईक राहिलं आणि एकाचं गेलं, फरक डोळ्यांनी दिसतो.

आणि मासळीबाजार! इथे मी थोडं जास्त बोलणार, कोकणातली आहे, समजून घ्या. देऱ्याचा जुना मासळीबाजार 2017 मध्ये बंद झाला आणि सगळे गाळे वॉटरफ्रंट मार्केटमध्ये गेले, हमरिया पोर्टजवळ, पूर्ण एसी, पार्किंग, चकचकीत फरशी. तेव्हा सगळे हळहळले की संपलं, आता मॉल झाला. पण नाही झाला. का नाही झाला, तर लोक गेले तिथे. मल्याळी, बंगाली, फिलिपिनो, अरब, आपले रत्नागिरी-रायगडवाले, सगळे सुट्टीच्या दिवशी सकाळी पिशव्या घेऊन हजर. भाव फळ्यावर असतो तरी बोलून कमी होतो, कल्ला उघडून दाखवतात, लाल आहे की तपकिरी बघायचं, बोटाने दाबून बघायचं, कुणी नाही म्हणत नाही. मासा घेतला की पिशवी घेऊन साफ करायच्या विभागात जायचं, किलोमागे थोडे पैसे, तिथला माणूस विचारतो करी कट की फ्राय, डोकं ठेवू की काढू. मी डोकं नेहमी ठेवायला सांगते, आमटीला डोकंच लागतं, आणि तो कल्ले काढून डोक्याचे बरोब्बर दोन तुकडे करून वेगळ्या पिशवीत देतो. उन्हाळा संपता संपता इथे काही आठवडे सुरमई धरायला बंदी असते, त्या दिवसांत माझा स्टॉलवाला स्वतःहून म्हणतो, ‘भाभी, आज सुरमई मत लो, शेरी ले जाओ, कल रात की है.’ (शेरी हा इथला मासा.) स्वतःच्या दुकानातला महाग माल घेऊ नको म्हणणारा माणूस! हे तो टुरिस्टला सांगेल का? नाही सांगणार, कारण टुरिस्ट परत येणार नाही हे त्याला माहितीये. मी पुढच्या आठवड्यात येणार हे पण त्याला माहितीये. सगळा बाजार या एका गोष्टीवर चालतो.

म्हणून ‘जुनं वातावरण’ वगैरे जे आपण म्हणतो त्याचा मला फारसा पुळका नाही. वातावरण तर अल सीफमध्येपण मिळतं, क्रीकच्या काठावर मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या भिंती बांधल्यात, मदिनत जुमेराहच्या हॉटेलांमध्ये पण सूक आहे, दुबई मॉलच्या आतसुद्धा गोल्ड सूक आहे. छान आहेत, संध्याकाळी जायला मलाही आवडतं. पण तिथे किलोभर जिरं घ्यायला कोण जाणार. उलट वॉटरफ्रंट मार्केटमध्ये एकही भिंत जुनी नाही आणि तरी तो अस्सल बाजार आहे.

सोन्याचं एक सांगते कारण इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त तेच विचारतात. सूकमध्ये सोनं स्वस्त आणि मॉलमध्ये महाग असं काही नसतं. भाव रोज जाहीर होतो, दिवसातून बदलतो, आणि त्या घडीला सगळीकडे तोच बोर्ड असतो. फरक पडतो घडणावळीत, आणि ती बोलून कमी होते, अगदी मॉलमध्येसुद्धा, लाजू नका. दागिन्यावर 5 टक्के व्हॅट आहे, 2018 पासून, टुरिस्ट असाल तर पासपोर्ट दाखवून रिफंडची नोंद दुकानातच करून घ्या. भारतात 2024 च्या जुलैच्या बजेटमध्ये सोन्यावरची कस्टम ड्युटी 15 वरून 6 टक्क्यांवर आणली, तेव्हा दोन्हीकडचा फरक बराच खाली आला, त्यामुळे नुसतं ‘दुबईचं सोनं’ म्हणून धावत येण्यात आता तेवढा अर्थ नाही. वर्षाहून जास्त इथे राहून परत जाणाऱ्या बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅमपर्यंतचे दागिने ड्युटीशिवाय नेता येतात, पण निघण्याआधी चालू नियम नीट बघून घ्या. आणि सूकमध्ये ती भलीमोठी अंगठी ठेवलीय तिचा फोटो काढा, जरूर काढा, पण निदान एखादी नथ, मुलीसाठी छोटे कानातले, काहीतरी विचारा तरी. अर्धा अर्धा तास वीस हार काढायला लावायचे, ‘गावाला सोनारालाच दाखवते’ म्हणून उठायचं आणि बाहेर येऊन म्हणायचं की हे लोक मागे लागतात, हे मला पटत नाही.

अजून एक बाजार आहे ज्याचा फोटो कुणी काढतच नाही. नाइफ आणि सबखाच्या गल्ल्या, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी. लेबर कॅम्पमधून, म्हणजे कामगारांच्या वसाहतींतून, बसने आलेले कामगार तिथे घरी न्यायचं सामान घेतात, ब्लँकेट, टँग, निडो दूध पावडरचा डबा, टायगर बाम, परफ्यूमच्या बाटल्या, पोरांसाठी बॅटरीवरच्या गाड्या, आणि ते सगळं मावेल अशी बॅग. आमच्या खेड-मंडणगडकडे, वर श्रीवर्धन-महाडकडे घरटी एक माणूस आखातात अशी गावं आहेत, त्या घरांतली ब्लँकेटं याच गल्ल्यांतून गेलीत. 1966 पर्यंत तर इथे रुपयाच चालायचा, मुंबई आणि दुबई इतकी जवळ होती. या गल्ल्यांत प्रत्येक दिरहॅम मोजून खर्च होतो, भाव केला जातो तो गंमत म्हणून नाही, पाच दिरहॅम वाचले तर घरी पाचच जास्त जातात म्हणून. ज्यांना मॉलमध्ये कुणी अडवत नाही तरी आत जायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी हा बाजार आहे. तो महाग झाला, त्याचं ‘सुशोभीकरण’ होऊन कॅफे आले, तर ही माणसं बॅग कुठे भरणार? मला याची खरंच काळजी वाटते.

हो, अडचणी आहेत. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद, शुक्रवारी सकाळी शुकशुकाट, पार्किंग मिळता मिळत नाही, ऑफिस सुटल्यावर शारजाच्या ट्रॅफिकमधून कोण येणार. तांदूळ, तेल, साबण हायपरमार्केटच्या ऑफरमध्येच स्वस्त पडतं, ते तिथूनच घ्या, मीपण घेते. मी सगळं देऱ्यातून आणा म्हणत नाहीये. मसाले, सुकामेवा, मासे, कापड, शिवणकाम एवढं जरी आपण दीड-दोन हजार मराठी घरांनी महिन्यातून एकदा बाजारातून घ्यायला लागलो तरी त्या गल्ल्यांतले दोन-चार मॅग्नेटवाले परत जिरं ठेवतील.

नवीन लोकांसाठी थोडंसं: ऑक्टोबर ते मार्च संध्याकाळी पाचनंतर जा. गाडी घरी ठेवा, मेट्रोच्या ग्रीन लाइनने अल रास किंवा गोल्ड सूक स्टेशन, क्रीकच्या पलीकडे जायला अब्रा, म्हणजे छोटी लाकडी होडी, 1 दिरहॅम, सुटे ठेवा. स्पाइस सूकमध्ये पहिल्या गल्लीत काहीच घेऊ नका, आत जा, भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा हे तोलायच्या आधी विचारा, सगळा घोळ तिथेच होतो. हिंदीत बोला, बहुतेकांना येतं. आणि एक दुकान आवडलं तर पुढच्या महिन्यात त्याच दुकानात परत जा, तिसऱ्या वेळेपासून भाव करावाच लागत नाही.