वाढू नका!

पोरीला स्केटिंगचा क्लास लावलात ना? मग पहिलं काम करा, वजनकाटा देव्हाऱ्याशेजारी आणून ठेवा. सकाळी उठून देवाला नमस्कार की लगेच काट्यावर, संध्याकाळी दिवा लावला की परत काट्यावर. दोनशे ग्रॅम जास्त दिसले तर आईला झापा, आजीला झापा, शेजारच्या काकूंनी घावन दिलं का त्याची चौकशी करा, फक्त पोरीला भूक लागलीय का ते विचारू नका, कारण ती हो म्हणेल. तिला वाढलंच नाही तर ती वाढणार नाही, इतकं सोप्पं गणित आहे.

आता तुम्ही म्हणाल फिगर स्केटिंग बर्फावरचं, आपल्याकडे बर्फ कुठाय. आहे की, रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराला, बांगड्यांवर घालतात तो. आपण चाकांवर सुरुवात करायची, पत्र्याच्या शेडमध्ये, जुलैत गळतं तिथे बादली ठेवून. बर्फ नसला तरी बर्फावरची शिस्त आणता येते, तिला काय कोल्ड स्टोरेज लागत नाही. माझी पुतणी जाते त्या क्लासच्या सरांनी आणलीय. नऊ-दहा वर्षांच्या पोरी रांगेत उभ्या, सर एकेकीचं वजन मोठ्याने वाचणार आणि जिचं वाढलं तिला "काय गो, फणस झालीस!" बाकावरचे पालक हसतात. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू. पुतणी त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही आणि आम्ही म्हटलं बघा, कशी सिरियस झालीय.

यामागे सायन्स आहे बरं का. क्वाड उडी म्हणजे हवेत चार गिरक्या, त्याही पाऊण सेकंदाच्या आत, आणि अंग जेवढं बारीक तेवढी गिरकी फास्ट. पोरगी वयात आली, कंबर भरली की गिरकी मंदावते. म्हणजे खरा वैरी तिचं वय, आणि वाढ कशी रोखायची हे कोकणातल्या बागायतदाराला मी काय शिकवणार! पावसाळ्यात आंब्याच्या कलमाच्या बुंध्याशी कल्टार हे औषध ओततो ना आपण? झाडाची वाढ थांबते, मोहोर लवकर येतो, वाशीला मुहूर्ताची पेटी आपली, हार घालून फोटो पेपरात. दरवर्षी ओतून ओतून कलम खंगलं की त्याचा फोटो काढायला कोण येत नाही. पोरीचंही तेच, खाणं तोडलं की पाळी लांबते नाहीतर येणारी थांबते, हाडं कमजोर होतात, आणि प्रत्येक उडीनंतर त्याच हाडांवर वजनाच्या पाचपटीहून जास्त मार बसतो. पण पेटी तर लागली ना!

हे तंत्र सिद्ध झालेलं आहे. रशियाची युलिया लिपनित्स्काया २०१४ ला सोची ऑलिम्पिकमध्ये टीम गोल्ड घेऊन गेली तेव्हा १५ वर्षांची, आणि २०१७ ला १९ व्या वर्षी रिटायर, कारण वजनाच्या भीतीने न जेवण्याच्या आजारावर, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियावर उपचार चालले होते. १५ वर्षांचीच अलिना झागितोवा २०१८ ला गोल्ड जिंकली, नंतर तिनेच सांगितलं की ऑलिम्पिकच्या वेळी आम्ही पाणी न पिता नुसतं तोंडात खळबळून थुंकायचो. हे आपल्याकडे सोलकढीवर ट्राय करून बघा, आजी लाटणं घेऊन मागे लागेल पण चॅम्पियनच्या घरात एवढं सोसायला पाहिजे.

रशियाचीच कामिला वालियेवा तर अजून भारी केस. २५ डिसेंबर २०२१ च्या सॅम्पलमध्ये खेळाडूंना बंदी असलेलं हृदयाच्या आजाराचं औषध सापडलं, पोरगी १५ वर्षांची. तरी बीजिंग ऑलिम्पिकला उतरवली, सगळ्या जगाच्या नजरा अंगावर घेऊन पडत-उठत चौथी आली, आणि रडत बाहेर येतेय तोवर कोच एतेरी तुतबेरीद्झेंनी विचारलं, का सोडलंस, लढायचं का थांबवलंस. हे टीव्हीवर बघून ऑलिम्पिक कमिटीच्या तेव्हाच्या अध्यक्षांना, थॉमस बाख यांना, हुडहुडी भरली म्हणे. पुढे चार वर्षांची बंदी आली, पोरीवर. हे वाक्य तेवढं पाठ करून ठेवा, "का सोडलंस?", घरी मार्कशीट आली तरी चालतं.

आता सिनियर स्पर्धेला किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केलंय, २०२४-२५ पासून. घाबरायचं कारण नाही हो, पेटी दोन वर्षं उशिरा उघडणार, कल्टार दोन वर्षं जास्त ओतायचं.

राहता राहिला गणपती. मोदकांना तिला हात लावू देऊ नका, वळायला मात्र जरूर बसवा, बोटांना व्यायाम होतो. एकवीस मोजून घ्या आणि नंतर परत मोजा. चाकरमानी काका मुंबईहून येऊन "काय गो बाय, किती वाळलीस!" म्हणाला तर ती काँप्लिमेंट आहे असं तिला समजावून सांगा.

आणि सतराव्या वर्षी गुडघा गेला, नाहीतर रात्री ओट्याशी अंधारात उभी राहून भात खाताना सापडली, तर जास्त मनावर घेऊ नका. धाकटी आता पाचची झाली असेल ना? काट्याचा सेल तेवढा बदलून ठेवा.