कधीपासून राहता?

वरळीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला नव्या घराची चावी मिळाली आणि त्याने थेट मला फिनलंडला, हेलसिंकीत व्हिडिओ कॉल लावला. ऑगस्ट 2025 मधली गोष्ट. त्या खेपेला 556 कुटुंबं 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून चाळीस मजली टॉवरमधल्या 500 चौरस फुटांत गेली. दादाने आधी संडास दाखवला. मग ओटा, मग खिडकी, मग पुन्हा संडास. जन्मभर बादली घेऊन मजल्याच्या टोकाला रांग लावलेल्या माणसाला आणखी काय दाखवावंसं वाटणार?

आठवड्याभरात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धारावीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला. याच दादाने लिहिलं, "त्यांना फुकट घरं कशाला? आमच्या टॅक्समधून?" मी विचारलं, तुझं कितीला पडलं? बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा. मग उत्तर आलं, "आम्ही तीन पिढ्यांपासून आहोत रे."

(टॅक्सचं म्हणाल तर, झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डर आपला खर्च विक्रीच्या इमारतीतून काढतो. पण ग्रुपवर हे कोण वाचतंय!)

दादाचं उत्तर मात्र मुंबईच्या गृहनिर्माण धोरणाचं सारच होतं. 1995 च्या मोफत घरांच्या योजनेपासून पहिला प्रश्न हाच: कधीपासून राहता? आधी 1 जानेवारी 1995, पुढे 1 जानेवारी 2000. धारावीत 2000 पूर्वीपासून तळमजल्यावर असाल तर धारावीतच 350 चौरस फूट, मोफत. त्यानंतर 2011 च्या आत आला असाल तर अडीच लाख भरा आणि धारावीबाहेर जा. पोटमाळ्यावर राहणाऱ्याला भाड्याचं घर, तेही बाहेर. एकाच झोपडीत खालचा पात्र, वरचा अपात्र. परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, नाव आलं का, हे लोक दहावीच्या निकालासारखं विचारतात.

ज्याच्याकडे झोपडीही नाही, त्याला तर कोणी विचारतही नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तासांचा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं होतं. त्या हिशेबाने शहरात सव्वाशे निवारे हवेत. आपण त्या आकड्याच्या जवळपासही गेलो नाही. कारण सरळ आहे. झोपडीखाली जमीन असते, जमिनीवर एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, मिळतो, एफएसआयसाठी बिल्डर येतो. चादरीखाली फूटपाथ असतो.

फिनलंडने 2008 मध्ये हा क्रम उलटा केला. आधी घर, स्वतःच्या नावाचा भाडेकरार. दारू सोडणं, नोकरी, कागदपत्रं मागाहून. इथल्या साल्व्हेशन आर्मीच्या एका वसतिगृहात 250 खाटा होत्या, तिथे 81 स्वतंत्र घरं झाली. 1980 च्या दशकात देशात 18 हजारांवर बेघर होते, ते 2023 पर्यंत साडेतीन हजारांच्या आत आले. माझ्या शेजारची इमारत नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांची आहे. दर वसंतात दोन्ही इमारतींचे लोक मिळून अंगण झाडतात. तिथे दाताळं ओढता ओढता एकाने सहज सांगितलं, की घर मिळाल्यावर पहिले काही आठवडे तो बाल्कनीतच झोपायचा. आत झोप येईना. करार त्याच्या नावावर होता, त्यामुळे कोणी हुसकावलं नाही.

दादा म्हणतो, "तुमचा अख्खा देश छप्पन्न लाखांचा, आमची एकटी मुंबई त्याच्या दुप्पट." बरोबर आहे. शिवाय इथे उणे वीसच्या रात्री बाहेर झोपलेला माणूस सकाळी जिवंत सापडेल याची खात्री नसते, त्यामुळे डोळेझाक करता येत नाही. मुंबईची हवा आपल्याला ती सवलत देते. आणि इथलं सरकारही काही संत नाही. घरभाड्याच्या मदतीला कात्री लावली आणि 2024 च्या मोजणीत बेघरांचा आकडा दशकभरानंतर पुन्हा वर गेला.

पण जमीन नाही, हे कारण मला पटत नाही. हेलसिंकी शहराची बहुतेक जमीन नगरपालिकेची आहे, ती विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देण्यावर भर असतो. मुंबईकडेही संधी आली होती. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश शहराला आणि एक तृतीयांश म्हाडाला मिळायचा होता. 2001 मध्ये शब्द बदलले, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. बाबांची गिरणी ज्या आवारात होती, तिथे आता पार्किंगचेच सात मजले आहेत.

परवा दादाने एक स्क्रीनशॉट पाठवला. नव्या सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा चालली होती, की गेटजवळच्या फूटपाथवरचं कुटुंब हटवायला पालिकेकडे तक्रार करायची. "काय लिहू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी खाली जाऊन त्यांच्याशी बोल.

गेला. रात्री मेसेज आला, "बावीस वर्षं आहेत म्हणे. मुलगी इथेच जन्मली. कागद एकही नाही."

ग्रुपवर त्याने काय लिहिलं, ते मी अजून विचारलेलं नाही.